फणस राहू दे, आधी पाण्याला वाट द्या

ताई, नमस्कार.

सासरे वारल्यानंतर आम्ही वास्कोचा फ्लॅट भाड्याने देऊन डिचोली तालुक्यातल्या मूळ घरी राहायला आलो. कौलारू घर, पुढे मोठं अंगण, मागे परसू. विहीर आहे. परसात एक जुना फणस, दोन आंबे, पाच माड. सासऱ्यांच्या आजारपणात सगळ्याकडे दुर्लक्ष झालं. आता ते नीट करायचं आहे. ह्यांनी एका लॅण्डस्केपिंगवाल्याकडून आराखडा करून घेतला. पुढे सगळीकडे पेव्हर ब्लॉक, फणस तोडून तिथे लॉन आणि गझेबो, कोपऱ्यात छोटा धबधबा, रस्त्याच्या बाजूला कोनोकार्पसचं हिरवं कुंपण. दोन गाड्या आत याव्यात म्हणून तुळशीवृंदावन बाजूला सरकवायचं. खर्च चार लाखांच्या आसपास. मला संध्याकाळी चहा घेऊन बसायला जागा हवी आहे, मुलांना खेळायला हवी आहे. सासूबाई काहीच बोलत नाहीत, आणि त्यांचं ते गप्प राहणंच मला खुपतंय. सुरुवात कुठून करावी? आणि हो, पावसात पुढच्या पायऱ्यांपाशी घोट्याएवढं पाणी साचतं, तेही यात सुटेल का?

— एक वाचक, डिचोली

तुमच्या पत्रातलं शेवटचं वाक्य मी सगळ्यात आधी घेते. पायऱ्यांपाशी पाणी साचतं ही बाब तुम्ही जाता जाता लिहिलीत, पण तुमच्या अंगणाचा सगळा हिशोब तिथूनच सुरू होतो. ठेकेदाराच्या आराखड्यात पाण्याचा एकही शब्द नाही, निदान तुम्ही कळवलेल्या तपशिलात तरी नाही. गोव्यात अंगण करायचं आणि पावसाचा विचार शेवटी करायचा, हे चालत नाही.

जरा आकडे पाहा. आपल्याकडे वर्षाला साधारण ३००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. तुमचं छप्पर १०० चौरस मीटरचं धरलं, तर नुसत्या छपरावर ३ लाख लिटर पाणी पडतं. म्हणजे १०,००० लिटरचे ३० टँकर. अंगणात पडणारं पाणी वेगळंच. एवढं पाणी आज कुठे जातंय? थोडं जमिनीत मुरतं, थोडं रस्त्याकडे वाहतं आणि उरलेलं पायऱ्यांपाशी थांबतं. सगळं अंगण पेव्हर ब्लॉकने झाकलंत की मुरणारा वाटाही वाहू लागेल. घोट्याएवढं पाणी मग कुठवर चढेल ते सांगायला नको.

तुमचं पत्र आलं तेव्हा पाऊस नुकताच परतलेला होता. ही वेळ फार चांगली आहे, कारण पाण्याच्या खुणा अजून ताज्या आहेत. एका सकाळी घराभोवती एक फेरी मारा. भिंतीच्या तळाशी तांबड्या चिखलाचे शिंतोडे कुठे जास्त उंच उडालेत, चिऱ्यांवर, म्हणजे जांभ्या दगडांवर, शेवाळ कुठे दाट आहे, माती कुठे वाहून जाऊन मुळं उघडी पडलीत, ते पाहा. मग पावळीखाली बघा. कौलांवरून पागोळ्या वर्षानुवर्षं एकाच रेषेत पडतात, त्यामुळे जमिनीवर बारीक खळग्यांची सरळ रांग उमटलेली असते. ही रांग म्हणजे तुम्हाला फुकट मिळालेला नकाशा आहे. त्याच रेषेवर फूटभर रुंद चर खणून त्यात जाड खडी भरली, की पाणी खडीवर पडून शांतपणे खाली उतरतं, भिंतीवर शिंतोडे उडत नाहीत, आणि चराला थोडा उतार दिला तर ते हव्या त्या दिशेला निघून जातं. घराभोवती करण्यासारखं पहिलं काम हेच. त्याला डिझाईनर लागत नाही, दोन कामगार आणि खडीची गाडी पुरते.

अंगणाचा उतार घरापासून लांब जायला हवा. दर १० फुटांमागे दीड ते दोन इंच पुरतात. डोळ्यांना तो दिसतही नाही, पाण्याला मात्र बरोबर कळतो. जुन्या घरांत होतं असं, की दर काही वर्षांनी अंगणात मातीची भर पडत जाते आणि कधीतरी अंगण पायरीच्या बरोबरीला येतं. तुमच्याकडे हेच झालं असण्याची शक्यता मला जास्त वाटते. प्लॅस्टिकच्या पारदर्शक नळीत पाणी भरून गवंडी पातळी बघतात, तशी एकदा बघून घ्या. पायऱ्यांपाशी तीन-चार इंच माती खरवडून कडेला टाकली की अर्धा प्रश्न तिथेच मिटेल. खरवडलेली माती टाकून देऊ नका, माडांच्या आळ्यांना ती लागेल.

आता तुमच्या सासूबाईंबद्दल. त्या त्या घरात सून म्हणून आल्या तेव्हापासून तिथले सगळे पावसाळे त्यांनी पाहिलेत. पाणी कुठून येतं, कुठल्या वर्षी विहीर आटली, कुठल्या आंब्याला मोहोर लवकर येतो, परसात साप कुठल्या बाजूला दिसतो, हे सगळं त्यांना ठाऊक आहे, आणि आराखडा करताना त्यांना कुणी विचारलेलं दिसत नाही. वर तुळस हलवायची! ज्या तुळशीला त्यांनी रोज पाणी घातलं ती दोन गाड्यांसाठी बाजूला होणार, हे ऐकून त्या काय बोलणार? तुम्ही त्यांच्याकडे परवानगी मागायला जाऊ नका. माहिती विचारायला जा. त्यांना हाताला धरून परसात न्या आणि विचारा, ‘पूर्वी इथे काय काय होतं?’ एक तास द्या. मला खात्री आहे, आराखड्यातल्या निम्म्या गोष्टी त्या तासाभरात बदलतील, आणि त्या तुमच्या यजमानांनाही पटतील, कारण सांगणारी त्यांची आई असेल.

वृंदावन हलवू नका, असं माझं स्पष्ट मत आहे. कारण केवळ भावनेचं नाही. तुळस दारासमोर असते, तिच्याभोवती प्रदक्षिणेपुरती जागा असते, आणि त्या मोकळ्या जागेवरच घराचे सगळे सोहळे होतात. व्हडली दिवाळी तोंडावर आहे. तुळशीच्या लग्नाला ऊस, आवळ्याची फांदी, चिंचा बांधून शेजारपाजारची माणसं जमतील, तेव्हा ती कुठे उभी राहतात ते बघून ठेवा. शिगम्याला ढोल-ताशांचा मेळ अंगणात येतो, त्यालाही घट्ट, सपाट, मोकळी जमीन लागते. एप्रिल-मे महिन्यांत पुरुमेंताची, म्हणजे पावसाळ्यासाठी साठवणीची, कामं निघतात. भिरंडांची (कोकमांची) सोलं, आंबोशी, पापड, फणसाची साठं, सगळ्याला दिवसभराचं ऊन हवं. कोपऱ्यात धबधबा आणि चहूबाजूंनी कुंड्या ठेवल्यात तर हे सगळं कुठे करणार? घरासमोरचा हा भाग रिकामा दिसतो म्हणून तो भरायचा मोह होतो. तो रिकामा आहे म्हणूनच कामाचा आहे.

मग गाड्यांचं काय? फाटकापासून एका कडेने आत येणारे चिऱ्यांचे दोन समांतर पट्टे करा, चाकांच्या रुंदीचे, प्रत्येकी दीड-दोन फूट. मधल्या भागात माती आणि गवत राहू द्या. गाडी आत येते, चिखल होत नाही, पाणी मुरतं आणि खर्च पूर्ण फरसबंदीच्या मानाने कितीतरी कमी. दुसरी गाडी पहिलीच्या मागे लागेल. सकाळी एखाद्या वेळी पुढची काढायला मागची हलवावी लागेल, तेवढी तडजोड तुळशीसाठी करायला हरकत नसावी. मात्र गाडी माडाखाली लावू नका. बसायची जागाही माडाखाली करू नका. नारळ उतरवणारा पाडेली वेळेवर येतोच असं नाही, आणि वाळलेलं चुडत, म्हणजे झावळी, पडायलाही काळवेळ लागत नाही.

फरशी घालायचीच असेल तर चिरा वापरा. तो आपल्याच जमिनीतून निघतो, सच्छिद्र असतो, उन्हात काँक्रीटच्या ब्लॉकइतका पाय भाजत नाही. खाणीतून काढताना मऊ असतो आणि हवा लागली की कठीण होतो, त्यामुळे कापून हव्या त्या मापाचा करून घेता येतो. चिऱ्यांमध्ये बोटभर फटी ठेवा, त्यांत सिमेंट भरू नका, बारीक खडी किंवा वाळू भरा. एक दोष मात्र आहेच. पावसात चिऱ्यावर शेवाळ धरतं आणि म्हातारी माणसं घसरतात. म्हणून दारापासून तुळशीपर्यंतची आणि विहिरीकडची वाट खरबरीत घडीव चिऱ्याचीच करा, तासून गुळगुळीत केलेला चिरा तिथे नको. पावसाळ्यात दर आठवड्याला काथ्याच्या ब्रशने ती घासायची. उरलेलं अंगण मातीचंच ठेवून पाऊस संपल्यावर चोपून सारवायची तयारी असेल तर त्यासारखं सुंदर काही नाही, पण ते काम दरवर्षी करावं लागतं. घरात कोण करणार ते आधी ठरवा. उगाच उत्साहात ठरवून सासूबाईंच्या कमरेवर ते ओझं पडायला नको.

आता फणस. तो तोडायचा विचार का आला असावा ते मी समजू शकते. पानं सतत पडतात, फळं पडून फुटतात, माश्या होतात, सावलीत लॉन येत नाही. यातली शेवटची तक्रार तर लॉनची आहे, फणसाची नाही. एक तर कायद्याने तो असाच तोडता येत नाही. १९८४ च्या गोवा, दमण आणि दीव वृक्ष संरक्षण कायद्याप्रमाणे झाड तोडण्याआधी वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी घ्यावी लागते, मग झाड स्वतःच्या परसातलं का असेना. ‘ते आम्ही बघून घेतो’ असं ठेकेदार म्हणाला तरी अर्ज आणि परवानगी तुमच्या हातात आल्याशिवाय कुऱ्हाड लावू देऊ नका. जबाबदारी जमीनमालकाची असते.

पण कायदा बाजूला ठेवा. गझेबो तुम्हाला कशासाठी हवा आहे? सावलीसाठी. आणि त्यासाठी तुम्ही आहे ती सावली तोडणार! जुन्या फणसाखाली मे महिन्यात दुपारी तीन वाजता जो गारवा असतो तो कुठलंही पत्र्याचं किंवा फायबरचं छप्पर देत नाही. आता नोव्हेंबर उजाडेल, झाड जाणकाराला दाखवा. वाळक्या आणि घरावर झुकलेल्या फांद्या काढून घ्या. फणस खोडाला आणि जाड फांद्यांनाच लागतो, हे तुम्हाला ठाऊकच आहे. त्यामुळे फळ नेमकं कुठे पडू शकतं ते आधीच कळतं. जाड फांद्या टाळून बसायची जागा करायची. बैठकीच्या वर येणारे फणस कोवळे असतानाच भाजीसाठी काढायचे, बाकीचे दोरीने उतरवायचे. पातेऱ्याचं, म्हणजे गळलेल्या पानांचं म्हणाल, तर तो झाडून जाळायचा नसतो. माडांच्या आणि आंब्यांच्या आळ्यांत पसरून टाका. आपली तांबडी माती पावसाने धुपते, आम्लधर्मी असते, सेंद्रिय अंश कमी असतो, आणि उन्हाळ्यात ती दगडासारखी घट्ट होते. तिच्यावर पानांचा जाड थर राहिला की ओल टिकते, माती भुसभुशीत होत जाते, आणि पाणी घालायचे कष्ट कमी होतात.

फणसाखालच्या सावलीत हळद लावा. पातोळ्यांसाठी पानं घरचीच मिळतील. जोडीला आलं, सोनटक्का. खोडावर मिरीचा वेल चढवा, जूनमध्ये मुळं फुटलेलं रोप आणून खोडाच्या उत्तर किंवा पूर्व बाजूला लावलं तर कोवळ्या वेलाला कडक ऊन लागत नाही. बुंध्याभोवती सिमेंटचा कट्टा बांधायची पद्धत पडली आहे, ती मला मुळीच आवडत नाही. मुळांना हवा आणि पाणी मिळत नाही, काही वर्षांनी झाड सुकायला लागतं, आणि मग ‘झाड जुनं झालं’ म्हणून ते तोडतात. बैठक बुंध्यापासून लांब, स्वतंत्र बांधा.

बसायच्या जागेबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण तुम्हाला खरी आस त्याचीच आहे. आत्ता काहीच बांधू नका. घरातल्या दोन प्लॅस्टिकच्या खुर्च्या उचला आणि आठवडाभर रोज संध्याकाळी वेगवेगळ्या ठिकाणी ठेवून चहा घ्या. एक दिवस फणसाखाली, एक दिवस विहिरीजवळ, एक दिवस घराच्या पूर्वेच्या भिंतीशी. दुपारनंतर घराची सावली पूर्वेला पडते, म्हणून उन्हाळ्यात ती बाजू लवकर निवते. पश्चिमेला वारा छान लागतो, पण उतरतं ऊन तोंडावर येतं, आणि पावसाळ्यात झड त्याच बाजूने आत घुसते. म्हणूनच आपल्याकडे पावसाआधी पश्चिमेच्या भिंतींना विणलेली चुडतं बांधायची रीत होती. स्वयंपाकघराच्या दारापासून अंतर किती आहे तेही बघा. चहाचा ट्रे घेऊन पन्नास पावलं जायचं असेल, तर आठवडाभर हौस टिकते, मग कुणी फिरकत नाही. रस्त्यावरच्या ट्रकची धूळ आणि आवाज, शेजाऱ्यांची खिडकी, सेप्टिक टाकीचा वास, हे खुर्चीत बसल्यावरच कळतं, आराखड्यात दिसत नाही. आठवड्याच्या शेवटी घरातली सगळी माणसं न सांगता ज्या जागी जाऊन बसतील, तीच तुमची जागा.

मग तिथे चिऱ्याचा सोपा, म्हणजे बसायचा बाक, बांधा. उंची १६ ते १८ इंच, बैठकीची रुंदी १८ इंच, मागे टेकायला पाठ. सासूबाईंचे गुडघे दुखत असतील तर उंची १८ इंचच ठेवा, उठताना हाताला आधार मिळेल असा एक खांब किंवा कठडा बाजूला घ्या. बैठकीवर तांबड्या ऑक्साईडची घोटलेली गिलाव द्या, पुसायला सोपी आणि बसायला गार. कडप्पा उन्हात तापतो, तो टाळा. जमिनीला चिरा किंवा चोपलेली माती. खडी मात्र झाडाखाली घालू नका, तिच्यात अडकलेली पानं झाडूने निघत नाहीत आणि मग रोजची कटकट होते. वर छप्पर हवंच असेल तर दोन-चार खांब घालून साधा मांडव करा आणि त्यावर वेल चढवा. पावसाळ्यात दोडका, पडवळ, तवशी (काकडी) आणि कायमची मधुमालती किंवा जुई. खांब लाकडाचे असतील तर जमिनीत गाडू नका, चिऱ्याच्या ठोकळ्यावर उभे करा. नाहीतर वाळवी दोन-तीन पावसाळ्यांत ते पोखरते.

एक गोष्ट ठेकेदाराला ठासून सांगा. सेप्टिक टाकीची आणि पाइपांची झाकणं कुठे आहेत ते आधी शोधून चुन्याने खूण करायची, आणि त्यांच्यावर काहीही पक्कं बांधायचं नाही. नवीन बैठक फोडून टाकी उपसायची वेळ पुष्कळ घरांवर येते.

धबधब्याबद्दल थोडक्यात. नाकापेक्षा मोती जड. मोटार, वीज, शेवाळ, आणि लाईट गेली की साचलेलं स्वच्छ पाणी. डेंग्यूचा डास नेमक्या अशाच पाण्यात अंडी घालतो आणि आठवडाभरात त्यांचे डास होतात. पाण्याची हौस असेल तर एखादी जुनी दगडी दोण मिळवा, त्यात कमळ लावा, गप्पी मासे सोडा. पक्षीही येतील. कुंड्यांखालच्या बशा आठवड्यातून एकदा उलट्या करायच्या, हे काम मुलांना द्या.

लॉनचा हट्ट सोडा, असंच मी म्हणेन. नोव्हेंबर ते मे असे सात महिने आपल्याकडे पाऊस जवळजवळ नसतो. कातळातल्या विहिरींचं पाणी एप्रिलपासून खाली जातं. त्या दिवसांत पिण्याच्या विहिरीचं पाणी उपसून गवतावर मारणं मला पटत नाही. मुलांना खेळायला चोपलेली जमीन गवतापेक्षा चांगली. फणसाच्या सावलीबाहेर जिथे ऊन पडतं, त्या पट्ट्यात भाजीचे वाफे काढा. नोव्हेंबर-डिसेंबरात तांबडी भाजी आणि मुळा पेरा, महिना-दीड महिन्यात काढायला येतात. पावसाळ्यात सात शिरांची भेंडी, चार रोपं मिरचीची, बांधावर अळू. स्वयंपाकघरातलं सांडपाणी केळींकडे आणि कर्दळीकडे वळवा. मुलं स्वतः पेरलेली तांबडी भाजी खातात, बाजारातली नाही, हा अनुभव पुष्कळ आयांनी मला कळवला आहे.

कोनोकार्पस अजिबात लावू नका. झपाट्याने वाढतो, हिरवा राहतो, म्हणून तो खपतो. त्याची मुळं पाइपांत आणि गटारांत शिरतात, परागामुळे श्वासाचा त्रास होतो अशा तक्रारी आहेत, आणि गुजरात सरकारने २०२३ मध्ये त्याच्या लागवडीवर बंदी घातली. तुमच्या धुळीच्या बाजूला अडुळसा आणि निरगुडी लावा. दोन्ही फांदीपासून येतात, गुरं त्यांना तोंड लावत नाहीत, खोकल्यालाही अडुळसा घरचा होतो. मध्ये मध्ये जास्वंद, म्हणजे पूजेची फुलं झाली. घराच्या बाजूला अबोली, मोगरा, अनंत. जागा असेल तर फाटकाशी एक ओवळ, म्हणजे बकुळ. ती सावकाश वाढते, पण पुढच्या पिढीला दारात सडा मिळतो. परसाच्या टोकाला आवळा आणि चिंच नसतील तर लावा. चवथीला गणपतीच्या वर बांधतात त्या माटोळीला बांधण्यासारखं काय काय घरच्या परसात येऊ शकतं, तेही सासूबाईंना विचारा. कवंडळ, कांगलं यांसारख्या वेलींना कुंपणाचा एक रानटी कोपरा पुरतो, म्हणून एक कोपरा मुद्दाम न कापता सोडा. फक्त तो घरापासून आणि बैठकीपासून लांब असावा. गडगा (दगड रचून केलेलं कुंपण), लाकडांचा ढीग आणि दाट झाडी यांत साप असतातच, विशेषतः तुमच्यासारख्या सड्याजवळच्या, म्हणजे कातळाच्या पठाराजवळच्या गावांत. त्यांना मारायचं नाही, पण रात्री बैठकीपर्यंतची वाट साफ हवी आणि तिच्यावर उजेड हवा. दिवे पिवळसर, कमी उंचीवरचे लावा. पांढऱ्या झगझगीत दिव्यावर किडे जास्त येतात.

गडगा पाडून पक्की भिंत घालायचा विचार ठेकेदार पुढे-मागे मांडेल. गडग्याच्या दगडांमधून पाणी वाट काढतं, भिंत ते अडवते. शिवाय पक्क्या भिंतीला पंचायतीचा परवाना लागतो. ढासळलेला भाग रचून घ्या, तेवढं पुरे.

चार लाख एका वर्षात घालवू नका. या वर्षी पाण्याचे चर, उतार, गाडीचे पट्टे आणि बैठक. ही मातीची आणि बांधकामाची कामं नोव्हेंबर ते मार्चच्या आत करून घ्या. झाडं पुढच्या जूनमध्ये, पहिले चार-पाच चांगले पाऊस झाले की. जुलैच्या मुसळधार पावसात लावलेली रोपं वाहून जातात किंवा कुजतात. कलमं आणि माडाची रोपं रस्त्याकडेच्या गाडीवरून घेऊ नका. जुने गोवे इथल्या एला भागात केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्था आहे, तिथे आणि तुमच्या तालुक्याच्या विभागीय कृषी कार्यालयात मे महिन्यातच चौकशी करून ठेवा. मानकुरादचं कलम लावणार असाल तर जुन्या आंब्यांपासून निदान ३० फूट अंतर सोडा. नवीन माडाला २५ फूट. रोप हातात असताना हे अंतर फार वाटतं, तरी सोडाच. मांडव, दिवे आणि राहिलेलं सगळं तिसऱ्या वर्षी, तेव्हा तुम्हाला कशाची गरज आहे आणि कशाची नाही ते अनुभवाने कळलेलं असेल.

ठेकेदाराला वाईट न बोलता सांगा, की प्रत्येक कामाचा दर वेगळा लिहून द्या. चर किती, चिरा किती, मजुरी किती. कामाचा माणूस असेल तर देईल. ‘सगळं पॅकेज आहे’ म्हणाला तर गावातलाच एखादा गवंडी गाठा, चिऱ्याचं काम त्याच्या हातात जास्त मुरलेलं असतं.

एक गोष्ट तुम्ही लिहिलेली नाही. तुमच्या विहिरीला मे महिन्यात किती पाणी उरतं, आणि ती छपराच्या पावळीपासून किती लांब आहे? सेप्टिक टाकी तिच्यापासून किती अंतरावर आहे? विहीर आटत असेल तर छपराचं पाणी पन्हळीने गोळा करून, पहिल्या पावसांचं सोडून देऊन, खडी-वाळू-कोळशाच्या गाळणीतून तिच्यात सोडता येईल. भरपूर पाणी असेल तर अंगणाच्या खालच्या टोकाला, पायापासून दूर, शोषखड्डा पुरेल. खड्डा कुठे खणायचा यावर चरांची दिशा ठरते. तेव्हा चर खणायला घेण्याआधी ही तीन उत्तरं मला कळवा.